दुसऱ्या वेचणीचा कापूस

प्रवासवर्णन म्हटले की माणसे काशी लिहितात, काश्मीर लिहितात, निदान महाबळेश्वर तरी लिहितात. मी असोदा आणि पिंपळनेर लिहिणार आहे. दोन्ही गावांत बघण्यासारखे काही नाही, असे तिथलेच लोक सांगतात. मी बघायला गेलेही नव्हते. मी कापूस मागायला गेले होते.

कापूस कशाला, ते आधी सांगते. धुळ्याला पांझरेच्या बाजूला एक घर आहे. मोठ्या दवाखान्याने ज्याला 'आता घरी न्या' म्हणून सांगितले, अशा रोग्याला तिथे ठेवून घेतात. बरे करतो असे ते म्हणत नाहीत. दुखणे कमी करतात, अंग पुसतात, कूस बदलतात आणि माणूस जाईपर्यंत त्याला माणसासारखे ठेवतात. माझी थोरली जाऊ गंगाबाई तिथे गेली. तिचे आणि माझे उभ्या जन्मात पटले नाही. एका चुलीच्या दोन चुली झाल्या त्या आम्हा दोघींमुळेच. पण तिला पोटाचा कॅन्सर झाला तेव्हा करायला मीच होते, आणि सगळे करूनही तिच्या पाठीला जखमा पडल्या. बघवत नव्हत्या. धुळ्याला नेल्यावर तिथल्या केरळच्या सिस्टरने त्या भरून आणल्या. त्यात जादू काही नव्हती. ठरल्या वेळी कूस बदलायची, आणि खाली चांगल्या कापसाची, नीट पिंजलेली गादी. गंगाबाई गेली तेव्हा तिची पाठ कोरडी होती.

मला उपकार अंगावर ठेवायची सवय नाही. वर्षश्राद्ध झाल्यावर मी धुळ्याला जाऊन तिथल्या डॉक्टरांना विचारले, काय देऊ?

डॉक्टर वयस्क, बोलायला कमी. त्यांनी मला मागच्या बाजूला नेले. तिथे बायकांसाठी नवी खोली बांधली होती. तोवर बायकांना पडवीतच पडदा लावून ठेवत. खोलीला चुना लागला होता, लोखंडी खाटा ओळीने मांडल्या होत्या, आणि त्यांच्यावर काही नव्हते.

"सगळा पैसा छपरात गेला," डॉक्टर म्हणाले. "गाद्या राहिल्या."

"बाजारातून आणा."

"आणल्या होत्या. आत गिरणीचा कचरा निघाला. गोळे होतात. आठ दिवसांत पाठ फुटते."

मग मी त्यांना सिंधूचे सांगितले. सिंधू अमळनेरला आमच्या गल्लीत राहते. नवरा भिका तेलाच्या गिरणीत हमाल. सिंधूला गंगाबाईचाच रोग, वय मात्र तिच्या निम्मे. ती पोत्यावर गोधडी टाकून पडलेली असते, आणि तिची पाठ उघडायला लागली होती. मी म्हटले, खाट रिकामी आहे, उद्याच आणते.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "गादी झाल्याशिवाय मी कोणाला घेणार नाही. लोखंडी पट्टीवर टाकण्यापेक्षा घरची गोधडी बरी."

मला राग आला. पण गाडीत बसल्यावर विचार केला तेव्हा कळले, माणूस बरोबर बोलला होता. सिंधूकडे फार दिवस नाहीत, तेही त्यांनी माझे ऐकून सांगितले होते. म्हणजे गाद्या व्हायला हव्यात, आणि होळीच्या आत व्हायला हव्यात. कापूस घराघरांत पडलेला होता. फक्त मागायला कोणीतरी जायला हवे होते.

अमळनेर

सोबत हमीदाला घेतले. हमीदा पिंजाऱ्याची बायको. नवरा कापूस पिंजतो, ही गाद्या शिवते. माझ्यापेक्षा थोडी लहान, दातांना मिसरी, आणि तोंड माझ्यासारखेच. तिने सोबत गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या दोन रिकाम्या खोळी, दाभण आणि सुतळी घेतली. मी म्हटले, हे कशाला?

"लोगों को दिखाने को. नुसतं 'कापूस द्या' म्हटलं तर चिमूटभर देतील. खोळ बघितली की कळेल, पोट किती मोठं आहे ते."

आमच्या गल्लीतल्या दोघी जणी बघत होत्या. त्यातली एक म्हणाली, "अक्का, या वयात कापूस मागत फिरनार? लोके काय म्हनतीन?"

"या वयात म्हणतील ते ऐकायला कान तरी कुठे चांगले राहिलेत," मी म्हटले आणि स्टेशनला निघाले.

संक्रांत होऊन गेली होती. सकाळची थंडी होती. पॅसेंजरच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि कापसाच्या पऱ्हाट्या. काही शेतांत अजून बोंडे पांढरी होती आणि बायका ओटी बांधून वेचत होत्या. हमीदाने डब्यातली भाकरी आणि लसणाची चटणी काढली, मला अर्धी दिली, पाणीही दिले. माझ्या आईने तिच्या हातचे पाणी घेतले नसते. मी घेतले. पुढच्या स्टेशनवरचा नळ कोरडा असतो, हे मला माहीत होते.

असोदा

जळगावला उतरून असोद्याची एस.टी. धरली. असोदा माझे माहेर. तिथे माझा धाकटा भाऊ आहे. सारा गाव त्याला नाना म्हणतो, म्हणून मीही म्हणते. गावाच्या अलीकडे केळीचे बाग लागतात. उन्हातून आलेल्या माणसाला तिथला गारवा अंगाला कळतो. नानाची केळी आहे, कापूसही आहे. पुढच्या खोलीत कापसाचा ढीग छताला टेकला होता, आणि नाना त्याच्याकडे पाठ करून बाजेवर बसला होता, जसा काही तो दुसऱ्याचाच आहे.

जेवायला भरीत होते. आमच्याकडे थंडीत भरीत नाही असा दिवस नसतो. पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली हिरवी वांगी, लाकडी बडगीत ठेचलेली, वर कांद्याची पात, आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. हमीदाने ताटाला हात लावून विचारले, "इसमें तेल कितना डाला?" नानाची बायको शांता म्हणाली, "मोजून टाकलं तर ते भरीत कशाचं?" त्यावर दोघींची जी गट्टी जमली ती आम्ही निघेपर्यंत.

जेवणानंतर मी काम सांगितले. शांताचा चेहरा बदलला.

"अक्का, राग नका मानू. पण घरातली लक्ष्मी मरनाच्या घरी धाडायची?"

"आणि गाडी भरून सरकारी खरेदी केंद्रावर धाडता, तेव्हा लक्ष्मीला विचारता का, बाई पुढे कुठे जाशील?"

नाना हसला. म्हणाला, "दे वं शांते. अक्का आली म्हंजे घेतल्याबिगर जाते का?" आणि त्याने गड्याकडून कोपऱ्यातले एक गाठोडे आणवले. चांगले मोठे. उपकार केल्यासारखा तो माझ्याकडे बघायला लागला.

मी गाठोड्यात कोपरापर्यंत हात घातला. बाहेर काय आले? कवडी. जे बोंड किडीने खाल्ले, जे नीट उमललेच नाही, त्यातून ओरबाडून काढलेला पिवळा, तांबडा कापूस. त्यात पाला, काड्या, बोंडाच्या टोकदार पाकळ्या. केंद्रावर हा घेत नाहीत, म्हणून घरात पडून राहतो आणि दानाला निघतो.

"नाना, हे काय आहे?"

"कापूस."

"सदरा काढ."

"काय?"

"सदरा काढ म्हणते. बनियनही काढ."

शेजारच्या बायका ओट्यावर जमल्या होत्या. नाना गावचा मोठा माणूस. पण मी त्याचे लंगोट धुतले आहेत. त्याने सदरा काढला. मी बाजेवर कवडी पसरली आणि त्याला उताणे निजायला सांगितले. तो निजला. सुरुवातीला हसत होता. मग कूस बदलायला गेला.

"हलायचं नाही," मी म्हटले. "त्या बाईला हलता येत नाही."

"अक्का, टोचते."

"तुझी पाठ धड आहे. तिची उघडी आहे. पड."

तो थोडा वेळ पडला. हमीदा पदराआड हसत होती, ओट्यावरच्या बायका उघड हसत होत्या. मग एक जण हसायची थांबली. ती म्हणाली, तिच्या सासऱ्याची पाठ अशीच गेली होती, आणि त्यांच्याखालीही कवडीच घातली होती, कारण घरातला चांगला कापूस विकायचा होता. ती हे कोणाला दोष देऊन बोलली नाही. आपल्याकडे हे असेच चालते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाखाली घरातले सर्वांत टाकाऊ जाते, कारण ते पुढे फेकूनच द्यायचे असते.

नाना उठला. पाठीवर लाल ठिपके उठले होते. सदरा न घालताच तो ढिगाकडे गेला.

"कोन्ता पाहिजे तुले?"

"दुसऱ्या वेचणीचा."

शेती न करणाऱ्यांसाठी सांगते. पहिल्या वेचणीच्या कापसात खालच्या बोंडांची माती असते, पावसाचा डाग असतो. तिसऱ्या वेचणीपर्यंत झाड थकते आणि धागा आखूड होतो. मधला जो असतो, तो पांढरा, लांब, हाताला रेशमासारखा. शेतकरी तो वेगळा ठेवतो आणि केंद्रावर वर दिसेल असा भरतो.

नानाने तो दिला. शांताने स्वतःच्या हाताने पाट्या भरल्या. ओट्यावरच्या बायकांनीही आपापल्या घरून आणला, आणि प्रत्येकीचे गाठोडे मी उघडून बघितले. दोघींना परत पाठवले. एक रागावली, म्हणाली दानाच्या गायीचे दात मोजते ही बाई. मी म्हटले, गाय मला घरी न्यायची नाही, बाई, ती आजारी माणसाला द्यायची आहे. ती बदलून घेऊन आली.

सगळा कापूस नानाने केळीच्या ट्रकवर टाकून धुळ्याला डॉक्टरांकडे पोचता केला. निघताना तो मला म्हणाला, "अक्का, पुढच्या टायमाले पत्र टाक. मी आधीच सदरा काढून बसतो."

पिंपळनेर

असोद्याचा कापूस निम्म्या खाटांना पुरला असता. बाकीसाठी आम्ही पश्चिमेला निघालो. पिंपळनेरला हमीदाची बहीण दिली आहे, आणि त्याच्या पलीकडे, गुजरातच्या अंगाला, माझी भाची कमल.

धुळे सोडून साक्रीकडे गेले की मुलूख बदलतो. डोंगर जवळ येतात, बोली बदलते, बाजारात डोंगरातली माणसे दिसतात. थंडी आमच्याहून जास्त. हमीदाच्या बहिणीने रात्री शेवभाजी केली, इतकी तिखट की माझे नाक चुलीपर्यंत वाहिले. मी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

सकाळी आम्ही घरोघर निघालो. आणि इथे एक घोळ झाला.

असोद्याला मी माहेरवाशीण, आधी जेवण, मग काम. इथे मला कोणी ओळखत नव्हते. पहिल्याच दारात मी सरळ विचारले, "बाई, घरात कापूस आहे का? थोडा हवा होता."

घरातली बाई पिठाच्या हातांनी बाहेर आली होती. तिने माझ्याकडे पाहिले, माझ्या मागे उभ्या हमीदाकडे पाहिले. हमीदाचे डोळे रात्रीच्या शेवभाजीने अजून लाल होते. ती बाई आत गेली, कापसाचा एक लहानसा बोळा घेऊन आली, माझ्या हातात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "कोन गये वं, माय?"

मला आधी कळेना. मग लक्षात आले. आमच्या खानदेशात दुसऱ्याच्या दारी सकाळीच जाऊन थोडा कापूस कोणी मागितला, तर त्याचा अर्थ एकच. घरात मयत झाली आहे आणि नाकात घालायला बोळे हवेत.

"अजून कोणी नाही गेलं," मी म्हटले. "आणि एवढ्याने भागायचं नाही. पाटी भरून लागेल."

"पाटी?" तिचा हात तोंडावर गेला. "कितला मानसे गयात?"

हमीदा ओट्यावर बसली आणि पोट धरून हसायला लागली. ती हसते म्हटल्यावर त्या बाईला वाटले, दुःखाने हिचे डोके फिरले. तिने शेजारणीला हाक मारली. शेजारीण रडतच आली. दारावर भेटायला आलेल्या बायका जशा गळ्यात पडून रडतात, तशी ती माझ्या गळ्यात पडली. कोणासाठी रडते हे तिलाही माहीत नव्हते, मलाही नाही. मी तिला सोडवले, पाणी मागितले, आणि खोळ उलगडून सगळे पहिल्यापासून सांगितले.

सांगून होईपर्यंत ओटा भरला होता. पाटीवाली बाई कपाळाला पीठ लावून हसत होती. म्हणाली, "मी म्हंते, बठ्ठा गाव गया का काय!" रडणारी डोळे पुसून म्हणाली, "मी रडी लिधं, ते वाया गयं."

"वाया नाही गेलं," मी म्हटले. "त्याचा कापूस दे."

तिने दिला. ओंजळीत धरून माझ्यापुढे केला आणि म्हणाली, "देखी ले अक्का, कवडी नही शे." असोद्याची गोष्ट मी सांगितलीच होती. पुढच्या दारापासून मी आधी खोळ दाखवली, मग तोंड उघडले. दुपारपर्यंत आमची दोन चांगली गाठोडी झाली.

नाका

कमलच्या गावाची गाडी दुपारची होती. हमीदा म्हणाली, "गाठोडी बहिणीकडे ठेव. येताना घेऊ." मी ऐकले नाही. ठेवलेल्या कापसाचे काय होते, कोण त्यात काय मिसळते, ते मी जन्मभर बघितले आहे. गाठोडी गाडीच्या टपावर चढली.

हमीदाचे ऐकायला हवे होते. त्या दिवसांत कापूस फक्त सरकारने घ्यायचा, असा कायदा होता. पलीकडे गुजरातेत भाव जास्त, म्हणून लोक चोरून गाड्या काढत आणि रस्त्यावर नाके बसवलेले होते. आमची गाडी नाक्यावर थांबली. टपावर पांढरे दिसले. शिपायाने गाठोडी खाली उतरवली, मागून आम्हाला उतरवले, आणि गाडी निघून गेली.

नाक्यावरचे साहेब तरुण होते. टेबल, खुर्ची, वर कडुनिंब.

"मावशी, कापूस कुठे चालवला?"

मी सांगितले. धुळ्याचे घर, बायकांची खोली, गाद्या.

"धुळं मागे राहिलं. तुम्ही गुजरातकडे चालल्या आहात."

"भाचीकडे चालले आहे. तिच्याकडूनही घ्यायचा आहे. मग फिरून धुळ्याला."

त्यांनी गाठोडे सोडायला लावले. मूठभर कापूस उचलला, बोटांनी ओढून धागा बघितला. कळत होते माणसाला. मग मान हलवली.

"खोटं बोलताय. हा एक नंबरचा माल आहे. दानात असा कापूस कोण देतं?"

मी आयुष्यात पुष्कळ आरोप ऐकले आहेत. पण माझा माल चांगला आहे म्हणून मी चोर, हे पहिल्यांदाच.

"मी निवडून घेतला."

"दान निवडून घेतात?"

"मी घेते. खराब असेल तर परत करते. असोद्याला माझ्या भावाला विचारा, त्याची पाठ अजून खाजत असेल."

साहेबांना हे पटण्यासारखे नव्हते. त्यांनी सांगितले, गाठोडी जमा होतील, वरचे साहेब येतील, तुमच्या डॉक्टरांनी येऊन सांगितले तर बघू. वरचे साहेब कधी येतील? सांगता येत नाही. मला तिथे पहिल्यांदा भीती वाटली. माझ्यासाठी नाही. सिंधूची पाठ साहेबांची वाट बघत थांबणार नव्हती.

"माझ्यासारखी म्हातारी चोरटी दिसते का तुम्हाला?" असे मी बरेच बोलले. त्याचा उपयोग झाला नाही. साहेब नियमाने वागत होते, आणि नियमाने वागणाऱ्या माणसाला रागावून काही होत नाही.

मग हमीदा पुढे झाली. तिने शिपायाला विचारले, "भाईसाब, बंदी कशाला आहे?"

"कापूस न्यायला."

"गादी न्यायला?"

शिपायाने साहेबांकडे बघितले.

हमीदाने कडुनिंबाखाली जागा झाडली, पिशवीतून खोळी काढल्या आणि एक माझ्याकडे फेकली. "अक्का, भरो." आम्ही दोघी बसलो आणि भरायला लागलो. सरकीसकट, तसाच. हमीदा खोळीत शिरून कोपरे दाबत होती, मी ओंजळीने देत होते. रस्त्याने जाणाऱ्या बैलगाड्या थांबून बघत होत्या. खोळ भरली की तिने दाभण घेतले आणि तोंड शिवले. मग सुतळीचे टाके घातले, जागोजागी, जसे खऱ्या गादीला घालतात. सरकीच्या गाठींनी गादी अशी दिसत होती की आत बोरे भरली आहेत.

दोन्ही झाल्यावर तिने त्या गुंडाळल्या, वर बसली, आणि म्हणाली, "साहेब, हमारा बिस्तर है. म्हाताऱ्या बायका, थंडीचे दिवस. चालेल ना?"

साहेब खुर्चीतून उठून आले. त्यांनी गादी दाबली. सरकी हाताला लागली. त्यांनी शिपायाला विचारले, "गादीसाठी काही नियम आहे का रे?"

शिपाई विचार करून म्हणाला, "गादीचं काही आलेलं नाही, साहेब."

साहेबांनी गादीवरून हात काढला. मला वाटते, आम्ही खरे बोलतो हे त्यांना मघाशीच पटले असेल. फक्त सोडायचे कसे, ते सापडत नव्हते. त्यांनी पुढची गाडी स्वतः हात करून थांबवली आणि कंडक्टरला म्हणाले, "यांच्या गाद्या टपावर टाक. जपून."

कमलकडे पोचायला अंधार पडला. तिच्या सासूने नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि उडदाची डाळ वाढली. नागली आमच्याकडे कोणी खात नाही, काळी म्हणून. मी आजवर खाल्ली नाही हे माझेच नुकसान. सकाळी तिनेही कापूस दिला, आणि नाक्याचे ऐकून घरातल्या जुन्या खोळी काढून दिल्या. त्यामुळे परत येताना आमच्याकडे गाठोडे एकही नव्हते, सगळ्या गाद्याच.

नाक्यावर साहेब टेबलाशीच होते. "मावशी, लग्न कोणाचं काढलं?" त्यांनी विचारले. आमच्याकडे मुलीला आंदणात गाद्या देतात.

"तुमचंच बघते आहे," मी म्हटले. "मुलगी शोधली की कळवते." शिपाई तोंड फिरवून हसला.

धुळे

सगळ्या खोळी उसवल्या. एका जिनवाल्याने सरकी ठेवून घेतली आणि त्या बदल्यात कापसाची रुई करून दिली. हमीदाचा नवरा अमळनेरहून पिंजण घेऊन आला आणि त्या घराच्या मागच्या अंगणात बसला. पिंजणाच्या तारेचा तो टंग टंग आवाज दिवसभर चालला. धूळ नको म्हणून सिस्टरने खिडक्या लावल्या होत्या, पण पुरुषांच्या खोलीतल्या एकाने हट्टाने आपली उघडून घेतली. पूर्वी शेतकरी होता. पडल्यापडल्या तो रुईकडे बघत होता. मला म्हणाला, "दुसऱ्या वेचणीचा दिसतो." मी हो म्हटले. त्याने पुन्हा डोळे मिटले.

पहिली गादी झाली तशी मी भिकाला निरोप धाडला. तो सिंधूला गिरणीच्या मेटॅडोरमध्ये घेऊन आला. रस्त्यात ती एकदाही ओरडली नाही, असे त्याने सांगितले, आणि त्याची त्याला भीती वाटत होती. सिस्टरने तिची पाठ धुतली, औषध लावले. मी आणि हमीदाने तिला धरून कुशीवर गादीवर ठेवले. तिचे वजन राहिले नव्हते. तिने गादीवर हात फिरवला.  मी तिच्याकडून काही ऐकायला थांबले नव्हते, कारण बाकीच्या गाद्या शिवायच्या होत्या.

दुपारी मी अंगणात टाके घालत होते तेव्हा भिका धावत आला.

"अक्का, चाल. हाई उठत नही शे. दोनदा हाक मारी, हालाडं, उठत नही."

मी दाभण टाकून गेले. सिंधू तशीच कुशीवर होती. तोंड थोडे उघडे, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ उशीवर आली होती. मी वाकून कान लावला. ती घोरत होती. बारीक, पण घोरत होती.

"झोपली आहे," मी म्हटले.

"झोपनी?" त्याला ते खरे वाटेना. "इतली? दिवाळीपासून ती अशी झोपनी नही. हात लावा तरी उठी बसे."

तो पुन्हा तिच्या खांद्याला हात लावायला गेला. मी त्याचा हात धरला.

"श्वास चालू आहे ना? मग हात लावू नकोस. निजू दे."

तो खाटेच्या पायाशी जमिनीवर बसला आणि तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला. मी जाऊन टाके घालायला बसले. थोड्या वेळाने सुतळी घ्यायला आत आले तेव्हा सिंधू तशीच झोपली होती, आणि भिकाही, खाटेच्या लोखंडी पायाला डोके टेकून, बसल्या जागी.